खंडारे बाईंचं चाळीसचं वळण

अमरावतीत राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी मी सरकीच्या पोत्याला नमस्कार केला.

यात माझी फारशी चूक होती असं मला आजही वाटत नाही. सकाळचे सात वाजले होते. मी फाटकात दूधवाल्याची वाट पाहत उभा होतो आणि शेजारच्या अंगणातून एक जुनी पांढरी गाडी हळूहळू बाहेर येत होती. चालवायला साठी उलटलेल्या एक बाई. शेजारच्या सीटवर कुणीतरी पट्टा बांधून, वरून दुपट्टा गुंडाळून बसलेलं. आमच्या वऱ्हाडात थंडी असो की ऊन, तोंड गुंडाळून बसलेला माणूस दिसला की त्याची कुणी चौकशी करत नाही. मी अदबीनं हात जोडले. बाईंनी काच खाली केली.

"थे पोतं हाये, भाऊ. अठ्ठावन किलो सरकी. माणूस मी आहो. मले करा नमस्कार."

मी केला. मग बाई आणि सरकी दोघीही निघून गेल्या. बायको दारात उभी राहून सगळं पाहत होती. "आल्या आल्या ओळख काढलीत वाटतं. कोण होते ते?" तिनं विचारलं. मी न आलेल्या दूधवाल्यावर चिडलो.

त्या प्रमिला खंडारे बाई. चांदूर रेल्वेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली. निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेतून, भूमितीतून नाही. आपण दहावीनंतर विसरलेले शब्द त्या भाजीबाजारात वापरतात. कुणी त्यांच्याकडे काही मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "पक्ष काय, साध्य काय, थे सांगा आधी." पक्ष म्हणजे आपल्या हातात काय आहे, साध्य म्हणजे काय सिद्ध करायचं आहे. मी एकदा त्यांच्याकडे शिडी मागायला गेलो तर, "पक्ष: पंखा बंद हाये. साध्य: पंखा फिरला पायजे. मंग याच्यात शिडी कुठून आली? आधी बटन पाहा," असं म्हणून त्यांनी मला परत पाठवलं. बटण खरंच बंद होतं.

आणि 'चालते' हा शब्द त्यांच्यापुढे काढायचा नाही. त्यांच्या कुंपणाची भिंत बांधताना गवंडी म्हणाला होता, "थोडी तिरपी आली बाई, पण चालते." बाईंनी ओळंबा धरला आणि भिंत पाडायला लावली. पाटीवर 'खंडारे' लिहिताना रंगाऱ्याची वरची रेघ शेवटाला उतरली, तोही म्हणाला, "चालते न, बाई." पाटी तीनदा रंगवून झाली. "चालते म्हणणाऱ्याले मी नापास करते," हे त्या मला पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळ्या झाल्या. मी अकोल्याचा. अकोल्यात सगळं चालतं, म्हणून मी जपून राहू लागलो.

घरात बाईंचे यजमान होते, दादाराव. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर. दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला आणि डावं अंग गेलं. बोलणं थोडं जड झालं होतं, पण शाबूत होतं. समोरच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट होती. ते तिथून रस्ता पाहत असत आणि घराबाहेर कधी पडत नसत. मी खिडकीतून विचारपूस केली की उजवा हात वर करत. ड्रायव्हर लोक समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला करतात तेवढाच.

आता गल्लीचं म्हणणं काय होतं ते सांगतो. "नवरा खाटीवर, अन् बाई पोत्याले हवा खाऊ घालून राहिली." माझ्या बायकोनं हे ऐकलं, मला सांगितलं आणि मीही मान हलवली, हे मी कबूल करतो.

महिन्याभरात बाईंनी मला कामाला लावलं. "राऊत भाऊ, भूमितीत किती होते?" मी म्हणालो, छत्तीस. "मंग मांगच्या सीटवर बसा," त्या म्हणाल्या. माझ्या हातात एक शंभर पानी वही आणि लाकडी कोनमापक आलं. पुढच्या सीटच्या पाठीवर खडूनं एक उभी रेघ मारलेली होती. पोत्याच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत लाल दोरा शिवलेला होता. गाडी वळणात शिरली की पोतं कलायचं. दोरा आणि रेघ यांच्यात किती अंशाचा कोन झाला तो मी वाचायचा आणि वहीत लिहायचा.

"सरकीच कावून, बाई?" मी विचारलं.

"तुरीचं पोतं ताठ बसते. सरकीचं ढेपाळते," त्या म्हणाल्या. मला वाटलं, यात शास्त्र असेल. दर पंधरा दिवसांनी त्या पोत्याची शिवण उसवून वाटीभर सरकी काढत किंवा घालत, त्यातही मला शास्त्रच वाटलं.

चांदूरच्या रस्त्याला पोहऱ्याचं जंगल लागतं. तिथं उजवीकडे एक लांबलचक वळण आहे. त्याच वळणात, काटा चाळीसवर ठेवून, आमचा प्रयोग चाले. पहिल्या दिवशी पोतं डाव्या दारावर पार आडवं झालं. "चौदा," मी म्हणालो. बाईंनी कपाळाला आठी घातली. "साध्य तीन हाये. चाळीसच्या चालीनं, जास्तीत जास्त तीन अंश."

"हळू घेतलं तर?"

"हळू तं दगडबी सरळ बसते," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे आरशातून असं पाहिलं की मी छत्तीसचा चौतीस झालो.

मग सुरू झालं गाडीला वळण लावणं. बाईंचं म्हणणं, पोरांना वळण लावणं सोपं, गाडीला लावणं कठीण, कारण गाडी घाबरत नाही. त्यातून ही गाडी मागच्या चाकांवर चालणारी. "आजकालच्या गाड्या पुढून ओढतेत, बैलावानी. बैलाले रस्ता दिसते," बाई मला समजावत. "ही मांगून ढकलते. अन् मांगून ढकलणाऱ्याले वळण दिसत नाही, भाऊ. गाडी असो का मायबाप." गाडी का कलते, बूड बाहेर का टाकते, हे त्या रस्त्यावरच्या धुळीत बोटानं काढून दाखवत. रस्त्यानं जाणारे लोक आम्हाला काही हरवलंय का, असं विचारत.

गाडीचं काम रहीमभाई मिस्त्रींकडे. बाई गाडीखाली ओळंबा सोडून चाकांचा तिरपेपणा मोजू लागल्या की ते हात जोडत. "बाई, ये गाडी है, भूमिती नहीं है."

"रहीमभाई, सबकुछ भूमिती हाये," बाई गाडीखालून म्हणत.

याच काळात ते जंपरचं प्रकरण झालं. मी बायकोबरोबर आईला भेटायला अकोल्याला गेलो होतो. बाईंचा निरोप मोबाइलवर बोललेला आला. बायकोनं तो सगळ्यांसमोर लावला. "राऊत भाऊ, अकोल्याले गेलेच हा तं माह्यासाठी दोन जंपर आणसान. चांगले घट्ट पायजे. ढिल्यायनं जीव नकोसा केला. अन् घेताना दाबून पाहा, दुकानदारावर इस्वास ठेवू नोका."

माझी आई जुन्या वळणाची. तिच्या लेखी जंपर म्हणजे पोलकं, लुगड्यावरचं. बायको माझ्याकडे पाहत होती आणि मी छताकडे. "दाबून पाहा म्हणजे कापड पाहा म्हणत असेल," आई समजुतीनं म्हणाली आणि माझ्याबरोबर मॅचिंगच्या दुकानात आली. तिथं बाईंच्या मापाचा विषय निघाला तेव्हा मला घाम फुटला. "फोन करून विचार न, रंग कोणता," आई म्हणाली. मी दुकानाबाहेर जाऊन फोन लावला.

"बाई, रंग कोणता आणू?"

"रंगाचं काय करता? काळेच येते. आतून तेल गळत नसलं म्हणजे झालं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिस्त्री लोक गाडीच्या शॉकअपला जंपर म्हणतात. मागच्या चाकांचे दोन, धक्का खाणारे. मी ते भंगार बाजारातून घेतले, दाबूनही पाहिले. पण आईनं तोवर दोन काळी पोलकी घेऊन टाकली होती. ती मी बाईंना दिली. त्यांनी ती उलटून पालटून पाहिली आणि म्हणाल्या, "शिवण सरळ हाये." म्हणजे पास.

नव्या जंपरांनी चौदाचे अकरा झाले. बाईंना घाई झाली. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची कमान असते, तिला पाटे म्हणतात. बाईंनी त्यात एक पाटा जास्तीचा घालायला लावला. गाडी कडक झाली की कलणार नाही, असा त्यांचा सिद्धांत. रहीमभाई म्हणाले, "पीछे से सख्त करोगे तो घूम जाएगी." बाई म्हणाल्या, "सिद्ध करा." रहीमभाई म्हणाले, "आप ही करोगे."

आणि बाईंनीच केलं. त्या रविवारी पोहऱ्याच्या वळणात गाडी कलली नाही हे खरं, मी वहीत 'पाच' लिहायलाही घेतलं होतं. पण पाच लिहिता लिहिता मला खिडकीत रस्त्याऐवजी झाडं दिसली, मग आम्ही आलो तो रस्ता दिसला, मग पुन्हा झाडं. गाडीचं बूड फिरलं होतं. थांबलो तेव्हा आम्ही रस्त्याखाली, नांगरून ठेवलेल्या वावरात, तोंड अमरावतीकडे करून उभे होतो. पोतं फाटून सगळीकडे सरकी झाली होती. माझ्या शर्टाच्या खिशात सरकी, कानात सरकी.

"लागलं का, भाऊ?" बाईंनी विचारलं. नाही म्हटलं. त्या खाली उतरल्या, वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बसल्या आणि आपला चष्मा कितीतरी वेळ पुसत राहिल्या. चष्मा स्वच्छ होता.

मला राग आला होता. भीतीचा राग. मी म्हणालो, "बाई, घरी माणूस आजारी आहे. या पोत्यापायी तुम्ही मरायला निघालात. हळू चालवली तर काय बिघडतं?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग वावराकडे पाहत म्हणाल्या, "दवाखान्यातून त्यायले याच गाडीत आणलं म्या. डावं अंग गेलेलं. गाडी उजवीकडं वळली का थे डाव्या दारावर जात. सावरताच येये ना. चौकात गाडी थांबवून त्यायले सरळ केलं, तं लोकं पाहाले लागले. पट्टा कसला, अखीन कललेच. घरी आल्यावर मले म्हणाले, 'बाई, मी का पोतं आहो?' त्या दिवसापासून गाडीत बसले नाही. घराबाहीरच पडले नाही."

त्यांनी पदरावरची सरकी झटकली.

"अन् हळू म्हणता तं हळूच आणलं होतं. बैलाच्या चालीनं. थेच लागलं त्यायले. हे वळण त्यायनं भरली गाडी घेऊन चाळीसनं घेतलं, तीस वर्ष. त्यायले दया नाही पायजे, राऊत भाऊ. त्यायले वळण पायजे."

मी सीटवर पसरलेल्या सरकीकडे पाहिलं. अठ्ठावन किलो. वाटीभर काढलेली, वाटीभर घातलेली. ती दादारावांचं वजन पाहून काढलेली असायची. मला फार लाज वाटली. गल्लीत मान हलवली होती ती आठवली. मग मी काही न बोलता सरकी गोळा करू लागलो, आणि बाईही करू लागल्या. वाटीभर तरी त्या वावरात राहिलीच असेल.

चिखलमातीनं भरलेली गाडी घेऊन घरी आलो तेव्हा दादाराव खिडकीत होते. आधी त्यांनी गाडी पाहिली, मागची चाकं पाहिली, मग बाईंकडे पाहिलं. आणि दीड वर्षांत गाडीबद्दल पहिला शब्द बोलले.

"बाई, मांगची नरम करा. पुढची बांधा." थोडं थांबून म्हणाले, "अन् वळणात पाय हलवू नोका. अर्धं वळण लोखंडात असते, अर्धं पायात."

दादाराव बायकोला 'बाई' आणि 'तुमी' म्हणतात. ते का, हे मला पुढे कळलं. बाईंनी त्या दिवशी फक्त मान हलवली. पण दुपारी त्यांच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता आणि संध्याकाळी आमच्याकडे रोडगे आणि वाटीभर वांग्याची भाजी आली. काही न झाल्यासारखी.

रहीमभाईंनी जास्तीचा पाटा काढला, वर आणखी एक काढला. पुढच्या दोन चाकांना बांधून ठेवणारी आडवी सळई असते, ती जाड घातली. झिजलेली रबरं बदलली. आणि बाईंनी पायाचा अभ्यास सुरू केला. वळणाआधी वेग कमी, वळणात पाय एकसारखा, वळण सुटलं की हळूच दाब. स्वयंपाकघरात पोळ्या लाटतानाही त्यांचा उजवा पाय हलायचा, असं माझी बायको सांगते. आता तीही त्यांच्या बाजूची झाली होती. पोत्याला तिनंच नवं ठिगळ लावलं.

आठ. सहा. चार. एका रविवारी मी दोनदा कोनमापक लावलं आणि म्हणालो, "तीन." बाईंना पटेना. परत फिरून पुन्हा घेतलं. तीन.

घरी येऊन बाई सरळ खाटेपाशी गेल्या, वही उघडून समोर धरली. मी दारात उभा.

"पोहऱ्याचं वळण. चाळीस. तीन अंश. सिद्ध झालं म्हणते मी," बाई म्हणाल्या. "पण पेपर लिहिणाऱ्यानंच पेपर तपासू नये. तपासाले ड्रायव्हर पायजे."

दादाराव वहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी पान उलटवून मागचं पाहिलं. चौदा, अकरा, आणि माझ्या अक्षरात अर्धवट राहिलेला पाच.

"चालवते कोण?"

"मी."

"गिअर वाजवता तुमी."

"थेबी तपासा."

त्यांनी वही मिटून खाटेवर ठेवली. मला वाटलं, आता नाही म्हणतील, आणि बाईंचं सगळं वाया जाईल. मग ते म्हणाले, "माही पँट काढा. पायजाम्यानं गाडीत बसत नसतेत."

पुढच्या रविवारी सात वाजता पोतं ओसरीवर राहिलं. दादाराव इस्त्रीच्या कपड्यांत पुढच्या सीटवर बसले. मी पट्ट्याला हात लावणार, तर म्हणाले, "ड्रायव्हरबी लावते. मी लावतो." एका हातानं तो लावायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. तेवढा वेळ बाई आरसा पुसत होत्या आणि मी वही वाचत होतो.

शहर सुटेपर्यंत दादाराव नुसतं ऐकत होते. मग बोलू लागले. "पुढं डांबर फुटलं हाये." "इथं बकऱ्या येतेत." "वाजवला गिअर." बाई "हो" म्हणत होत्या. इतक्या वेळा हो म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. डावीकडची वळणं गेली, छोटी उजवीकडची एक गेली. दादारावांचा उजवा हात मांडीवर घट्ट मिटलेला होता.

जंगल लागलं तशा बाई आरशातून मला म्हणाल्या, "राऊत भाऊ, मी चांदूरच्या शाळेत नवी लागली होती. सकाळच्या गाडीत बसाले जागा नसे. दांड्याले पाठ टेकून उभ्यानं वह्या तपासायची. एका हातात वही, एका हातात लाल पेन. बाकी ड्रायव्हरायच्या गाडीत टिक पानाच्या बाहीर जाये. यायच्या गाडीत या वळणावरबी सरळ. सहा महिने तपासलं म्या. मंग घरी सांगितलं, लगन करीन तं थ्या ड्रायव्हरशी."

"मले वाटे, बाई तक्रार लिहून राहिली," दादाराव समोर पाहत म्हणाले. "रोज लिहे, लाल पेनानं. सहा महिने भेव खाल्लं."

बाईंनी डाव्या हातानं आपल्या पर्समधून लाल पेन काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मी मागून वही दिली, कोरं पान उघडून. "तपासा," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात चाकावर घेतले.

वळण आलं. काटा चाळीसवर. मी सवयीनं खडूची रेघ पाहिली, आणि तिच्या वर दादारावांच्या कॉलरची शिवण. गाडी थोडी झुकली, तशीच धरून राहिली, बाईंचा पाय हलला नाही. शिवण रेघेपासून जराशी सरकली. माझ्या हातात कोनमापक होतं, पण मी ते लावलं नाही. दादाराव दारावर गेले नाहीत. ते सरळ बसले होते, मान वहीकडे घातलेली, आणि त्या लांबलचक वळणाच्या ऐन मध्यात त्यांनी कोऱ्या पानावर एक मोठी लाल टिक केली.

वळण सुटलं. त्यांनी वही उचलून बाईंना दिसेल अशी धरली. टिकची वर जाणारी रेघ थरथरत गेली होती आणि शेवटी खाली वळली होती.

"वाकडी आली," दादाराव म्हणाले. "पण थे हाताचं हाये, बाई. गाडीचं नाही."

बाईंनी एकदाच त्या टिककडे पाहिलं, मग रस्त्याकडे. आम्ही नेहमी जिथून परत फिरायचो ती जागा आली आणि मागं पडली, चांदूरचा रस्ता पुढे सरळ होता.

"चालते," बाई म्हणाल्या.